दोन गोष्टी सोबत चालतात तेव्हा: सहसंबंधाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात झोप आणि स्मरणशक्तीवर लिहिताना मी एक वाक्य लिहिलं होतं, की या दोन गोष्टींत सहसंबंध सापडतो, म्हणजे त्या सोबत बदलताना दिसतात, पण तेवढ्यावरून एक दुसरीचं कारण ठरत नाही. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. काही पत्रं विद्यार्थ्यांची आहेत, काही पालकांची, एक आजोबांचं आहे. पत्रं थोडी कापून घेतलीयेत.

प्रश्न: मी मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला पहिल्याच तासाला सांगितलं की सहसंबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. मग ही पद्धत शिकायचीच कशाला, सरळ प्रयोगच का नाही करत? आणि तो आकडा नेमका येतो कुठून? आम्ही सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबतो आणि येतो, एवढंच माहितीये.

आकड्याचं आधी बघू, कारण तो एकदा हाताने काढला ना की पुढचं अर्धं आपोआप कळतं. कागद घे. पाच मुलं धर, खरी नाहीत, नुसती समजायला. ती रात्री ५, ६, ७, ८ आणि ९ तास झोपली. झोपायच्या आधी त्यांना शब्दांची यादी ऐकवली होती, सकाळी त्यातले अनुक्रमे ८, ७, ११, १० आणि १४ शब्द आठवले. झोपेची सरासरी ७, शब्दांची १०. आता प्रत्येक मूल दोन्ही सरासऱ्यांपासून किती लांब आहे ते लिही आणि त्या दोन अंतरांचा गुणाकार कर. ९ तास झोपलेला मुलगा झोपेत २ ने पुढे, शब्दांत ४ ने पुढे, गुणाकार ८. ५ तास झोपलेली मुलगी दोन्हीकडे २ ने मागे, उणे गुणिले उणे म्हणजे अधिक ४. ६ तासवाल्याचे तसेच ३. उरलेल्या दोघांचे शून्य, कारण ते एकेका बाबतीत बरोबर सरासरीवर बसलेत. बेरीज १५. ही बेरीजच सगळं सांगते: जे एकात पुढे ते दुसऱ्यात पुढे आणि जे मागे ते मागे, असं असेल तर ती मोठी होते, उलटसुलट असेल तर एकमेकांना खाऊन शून्याकडे जाते. मग फक्त तिला एका ठरावीक मापात आणायचं. झोपेच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज १०, शब्दांच्या ३०, त्यांचा गुणाकार ३००, त्याचं वर्गमूळ १७.३२, आणि १५ भागिले १७.३२ म्हणजे ०.८७. हा झाला सहसंबंध गुणक. तो कायम उणे १ ते अधिक १ च्या मध्येच राहतो.

आता एक गंमत कर, शेवटच्या मुलाचे १४ शब्द टाईप करताना १ राहून गेला आणि ४ पडले असं समज. सरासरी ८ होते, आणि तेच सगळं गणित परत केलंस की उत्तर येतं उणे ०.२९. एका अंकाच्या चुकीने चित्र उलटं झालं! मुलं पाचच होती म्हणून एवढा धक्का बसला, मोठ्या गटात इतका बसत नाही, पण एखादा टोकाचा आकडा मोठ्या गटालाही हलवतो, म्हणून बटण दाबायच्या आधी आलेख काढून बघायचाच, प्रत्येक मूल म्हणजे एक ठिपका, आणि सगळे ठिपके डोळ्यांनी बघायचे. हे मी प्रत्येक बॅचला सांगते आणि सांगत राहणार.

आता तुझा मोठा प्रश्न. ही पद्धत म्हणजे प्रयोग जमला नाही म्हणून केलेली तडजोड, असं जे शिकवलं जातं ते मला अजिबात पटत नाही. फ्रान्सिस गाल्टननं १८८८ मध्ये माणसांची उंची आणि कोपरापासून बोटापर्यंतची लांबी यांचा संबंध मोजला, तो ०.८ च्या आसपास आला, तेव्हा त्याला कारण शोधायचंच नव्हतं, दोन मापं किती सोबत चालतात हे एका आकड्यात सांगता येतं का ते बघायचं होतं. कार्ल पिअर्सननं १८९६ मध्ये आपण आत्ता वापरलं ते सूत्र पक्कं केलं. आणि १९०४ मध्ये चार्ल्स स्पिअरमननं बघितलं की एका विषयात पुढे असलेली मुलं बहुतेक वेळा दुसऱ्या विषयांतही पुढे असतात, सगळे सहसंबंध धन येतायत, आणि त्यातूनच सामान्य बुद्धिमत्तेची कल्पना उभी राहिली, तिच्यावरचे वाद आजही चालू आहेत. म्हणजे मानसशास्त्राचा अर्धा डोलारा या आकड्यावर उभा आहे. एखादी चाचणी आज दिली आणि महिन्याने परत दिली तर निकाल सारखा येतो का, हे बघायचं तर सहसंबंध. चिंतेची नवी चाचणी खरंच चिंताच मोजते का, तरी सहसंबंध. १९५७ मध्ये ली क्रॉनबाखनं अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून भाषण करताना सरळ म्हटलं होतं की आपल्या विषयात दोन वेगळ्या परंपरा आहेत, एक प्रयोगाची आणि एक सहसंबंधाची, आणि दोघींनी एकत्र यायला हवं.

आणि प्रयोग सगळीकडे करता येत नाही गं. प्रयोगात कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरतं. कुणाचे आईवडील लहानपणी गेले, कुणाला मारहाण झाली, कुणाची नोकरी सुटली, हे चिठ्ठ्या टाकून वाटणार का आपण? या गोष्टी आयुष्यात घडतात आणि आपल्याला त्या घडल्यावरच मोजता येतात. सिगारेटचंच घे. माणसांना वीस वर्षं सिगारेट ओढायला लावून प्रयोग कुणीच केला नाही. १९५० मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांची तुलना करून संबंध दाखवला, त्यावर रोनाल्ड फिशरसारखा अत्यंत मोठा संख्याशास्त्रज्ञ म्हणाला की कदाचित एखादा आनुवंशिक गुण माणसाला सिगारेटकडेही ओढत असेल आणि कॅन्सरकडेही. शंका रास्त होती. तिला उत्तर द्यायला लोकांनी आणखी मोजमापं केली, जास्त ओढणाऱ्यांत जास्त आजार दिसतो का, सोडल्यावर धोका कमी होतो का, आणि १९५९ मध्ये जेरोम कॉर्नफिल्ड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की असा लपलेला गुण खरंच असेल तर तो सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये न ओढणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त असावा लागेल, आणि असं काहीच कुणाला सापडत नव्हतं. कारण असं हळूहळू पक्कं होतं. तेव्हा "सहसंबंधावरून कारण सिद्ध होत नाही" हे वाक्य खरं आहे, फक्त ते बोलून वही मिटायची नाही, तिथून पुढे कामाला लागायचं.

प्रश्न: माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, हातात सतत मोबाईल. मध्यंतरी बातमी वाचली की जास्त स्क्रीन वापरणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य जास्त असतं. तेव्हापासून मला झोप नाही. रोज भांडणं होतायत. मोबाईल काढून घेऊ का?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आधी त्या बातमीचं वाक्य नीट बघूया, कारण तुमची झोप त्याच वाक्याने उडवलीये.

"जास्त स्क्रीन वापरणाऱ्या मुलांमध्ये नैराश्य जास्त" हे वाक्य निदान तीन वेगवेगळ्या परिस्थितींत खरं ठरू शकतं. एक, मोबाईलमुळे मूल उदास होतं. दोन, मूल आधीच उदास आहे, मित्र तुटलेत, शाळेत कुणी त्रास देतंय, म्हणून ते मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसतं. तीन, तिसरंच काहीतरी, म्हणजे घरात सतत ताण आहे किंवा झोपच पुरत नाही किंवा एकटेपणा आहे, आणि त्यातून दोन्ही येतंय. आणि खरं सांगायचं तर यातलं एकच असतं असंही नाही, एकाच घरात तिन्ही थोडं थोडं चालू असू शकतं. नुसता सहसंबंध या तिघांपैकी कोण ते सांगत नाही. पहिली शक्यता सगळ्यात आधी डोक्यात येते कारण आपल्याला भीती तिचीच असते.

मग आकडा किती मोठा आहे ते बघा. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझबिल्स्की यांनी २०१९ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मोठ्या सर्वेक्षणांचा एकत्र अभ्यास केला, साडेतीन लाखांहून जास्त किशोरवयीन मुलं. डिजिटल वापर आणि मुलांचं मानसिक स्वास्थ्य यांचा संबंध उणे निघाला हे खरं, पण मुलांमुलांच्या स्वास्थ्यात जो फरक असतो त्यातला जास्तीत जास्त ०.४ टक्के भाग त्याने समजत होता. अर्धा टक्कासुद्धा नाही. पुरेशी झोप आणि नियमित नाश्ता यांचा स्वास्थ्याशी असलेला संबंध त्यापेक्षा बराच मोठा होता, त्याबद्दल मात्र एवढी भीती घालणाऱ्या बातम्या येत नाहीत.

हा ०.४ टक्का घरगुती भाषेत सांगते. तो सहसंबंधात बसवला, म्हणजे ०.००४ चं वर्गमूळ काढलं आणि दिशेचं उणे चिन्ह लावलं, तर साधारण उणे ०.०६ येतो. दोन्ही गोष्टी नेहमीच्या घंटेसारख्या आकारात पसरल्यात असं धरलं, तर सरासरीपेक्षा जास्त मोबाईल वापरणारी १०० मुलं घेतली की त्यातली ५२ स्वास्थ्यात सरासरीच्या खाली असतील आणि ४८ वर. संबंध शून्य असता तर ५० आणि ५० असते. आता तुमचा मुलगा त्या ५२ मध्ये की ४८ मध्ये, हे या आकड्यावरून कुणीही सांगू शकत नाही, मीही नाही आणि बातमी लिहिणाराही नाही. सहसंबंध हा नेहमी गटाबद्दल बोलतो. तो एका मुलाचं भविष्य नसतो, आणि पालकांना तो तसा ऐकवला जातो तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण आईबाप आपल्या पोराकडे बघायचं सोडून आकड्याकडे बघायला लागतात.

कुठल्या बाजूने कुठे जातंय हे शोधायचा एक मार्ग म्हणजे काळ मध्ये आणणं. याचं जुनं उदाहरण टीव्हीचं आहे. लिओनार्ड एरॉन आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका ग्रामीण भागात तिसरीतली मुलं घेतली, त्यांना मारामारीचे कार्यक्रम किती आवडतात ते विचारून घेतलं, वर्गातल्या मुलांनी त्यांना किती भांडखोर ठरवलं तेही नोंदवलं, आणि दहा वर्षांनी त्यातल्या बऱ्याच मुलांना परत गाठलं. मुलग्यांमध्ये लहानपणची हिंसक कार्यक्रमांची आवड आणि दहा वर्षांनंतरचा आक्रमकपणा यांचा सहसंबंध ०.३१ आला, तर लहानपणचा आक्रमकपणा आणि नंतरची तशा कार्यक्रमांची आवड यांचा ०.०१. मुलींमध्ये असं काही दिसलं नाही. म्हणजे निदान मुलग्यांमध्ये बाण एका दिशेने जास्त झुकला. तरी तिसरी गोष्ट यातून पूर्ण जात नाही, आणि पुढे या पद्धतीवर बरीच टीकाही झाली, पण एकाच दिवशी दोन प्रश्न विचारून काढलेल्या सहसंबंधापेक्षा हे कितीतरी बरं. पुढच्या वेळी बातमी वाचाल तेव्हा एवढं बघा: मुलांना एकदाच विचारलं की काही वर्षं त्यांच्या मागावर राहिले?

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मोबाईल काढून घ्यायचा की नाही हे या बातमीवरून ठरवू नका. तुमचा मुलगा रात्री किती झोपतो, मित्रांना भेटतो का, आधी आवडायचं ते अजून आवडतं का, जेवतो का, चिडचिड कधीपासून आहे, हे बघा आणि भांडणाच्या वेळी नाही तर शांत वेळी त्याच्याशी बोला. झोपायच्या वेळी मोबाईल खोलीबाहेर, एवढा नियम घरातल्या मोठ्यांनीही पाळायचा अशा बोलीवर ठेवून बघा. आणि दोन आठवड्यांहून जास्त तो सतत उदास दिसत असेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला असेल, तर आकडे बाजूला ठेवा आणि लगेच समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जा. तिथे थांबायचं नाही.

प्रश्न: उणे ०.७ म्हणजे संबंध कमी ना? आणि उणे म्हणजे वाईट?

नाही, दोन्ही नाही. उणे हे फक्त दिशेचं चिन्ह, एक वाढलं की दुसरं कमी होताना दिसतं एवढंच. ताकद बघायची तर चिन्ह झाकून बघायचं, म्हणजे उणे ०.७ हा अधिक ०.४ पेक्षा बराच मजबूत. सराव वाढतो तशा चुका कमी होतात, हा उणे सहसंबंध आहे आणि त्यात वाईट काय? अजून एक, ०.७ म्हणजे ७० टक्के नव्हे. त्याचा वर्ग करायचा, ०.४९, म्हणजे एका गोष्टीतल्या फरकाचा साधारण निम्मा भाग दुसरीशी जुळतो.

प्रश्न: माझ्या प्रोजेक्टमध्ये सोशल सपोर्ट आणि लाइफ सॅटिस्फॅक्शन यांचा सहसंबंध फक्त ०.२३ आला, ४० जणांवर. मैत्रिणीचा १२ जणांवर ०.६ आला आणि सगळे तिचं कौतुक करतायत. माझं वर्षभराचं काम वाया गेलं का?

अजिबात नाही, आणि मैत्रिणीला सांगायचं की इतकी खूश होऊ नकोस.

तुझे ४० लोक म्हणजे मोठ्या गटातून उचललेली एक मूठ. दुसरी मूठ उचलली असती तर आकडा वेगळा आला असता. किती वेगळा, याचा अंदाज काढता येतो, त्याला विश्वासाची कक्षा म्हण हवं तर, सॉफ्टवेअरमध्ये कॉन्फिडन्स इंटरव्हल नावाने येतं. तुझ्या ०.२३ ची ९५ टक्क्यांची कक्षा उणे ०.०९ पासून ०.५१ पर्यंत जाते. म्हणजे खरा संबंध शून्यही असेल, ०.५ ही असेल. आता मैत्रिणीचं बघ, १२ लोक आणि ०.६, तिची कक्षा ०.०४ ते ०.८७. म्हणजे तिचा खरा संबंध जवळपास नसल्यासारखाही असू शकतो आणि प्रचंडही असू शकतो, तिला काहीच ठामपणे माहिती नाहीये, फक्त आकडा दिसायला भारी आहे. फेलिक्स शॉनब्रोट आणि मार्को पेरुगिनी यांनी २०१३ मध्ये संगणकावर खूप वेळा नमुने काढून बघितलं तर मानसशास्त्रात नेहमी दिसतात तसे सहसंबंध स्थिर व्हायला साधारण २५० माणसं लागतात असं निघालं. तुझे २५० असते आणि आकडा ०.२३ च आला असता, तर कक्षा ०.११ ते ०.३४ झाली असती, मग छातीठोक सांगता आलं असतं की संबंध आहे आणि तो मध्यम ते लहान आहे.

दुसरं, ०.२३ हा लहान कुणी ठरवला? जेकब कोहेनचे ०.१ लहान, ०.३ मध्यम, ०.५ मोठा हे माप सगळ्या पुस्तकांत आहे, पण ते स्वतः कोहेननंच दुसरं काही हाताशी नसेल तेव्हा वापरा म्हणून दिलं होतं. २०१६ मध्ये गिग्नाक आणि सोदोराई यांनी माणसामाणसांतल्या फरकांवरच्या अभ्यासांतले शेकडो सहसंबंध गोळा करून बघितले आणि सुचवलं की तिथे ०.१, ०.२ आणि ०.३ हीच जास्त वास्तववादी पायरी आहे. माणसाचं समाधान पन्नास गोष्टींवर अवलंबून असतं, त्यात एकाच गोष्टीने ०.६ दिला तर उलट मी आधी विचारीन की दोन प्रश्नावल्यांमध्ये तेच प्रश्न वेगळ्या शब्दांत तर नाहीत ना.

आणि तुझा आकडा दबलेलाही असू शकतो. स्पिअरमननं १९०४ मध्येच दाखवलं होतं की मोजमाप कच्चं असलं की सहसंबंध खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. खरा संबंध ०.५ असेल आणि तुझ्या दोन्ही प्रश्नावल्यांची विश्वसनीयता, म्हणजे परत मोजलं तर निकाल किती सारखा येतो त्याचं माप, ०.६ असेल, तर दिसणार फक्त ०.३. शिवाय तुझे चाळीसच्या चाळीस जण एकाच वर्गातले, एकाच वयाचे, बहुतेकांना घरून चांगला आधार असणारे असतील, तर सोशल सपोर्टमध्ये वरखाली व्हायला जागाच नाही, आणि जिथे फरकच नाही तिथे सहसंबंध दिसणार कसा. या दोन्ही गोष्टी रिपोर्टच्या चर्चेत लिही, पण "म्हणून खरा संबंध मोठाच आहे" असं मात्र लिहू नकोस, ते तुला माहिती नाही.

लिहिताना क्रियापदं सांभाळ. "सोशल सपोर्टमुळे समाधान वाढतं" असं नको, "परिणाम होतो" नको, "भर पडते" नको. "ज्यांनी सोशल सपोर्ट जास्त नोंदवला त्यांनी समाधानही काहीसं जास्त नोंदवलं" एवढंच, आणि पुढे आकडा, माणसं किती आणि कक्षा. आणि एक विनंती, आता निराश होऊन बाकीच्या सगळ्या प्रश्नावल्या एकमेकांशी जोडून बघत बसू नकोस. १० मापं असली की ४५ जोड्या होतात, आणि कुठलाच संबंध नसला तरी पाच टक्क्यांच्या नियमाने, म्हणजे संबंध नसताना शंभरात पाचदा चुकून "आहे" म्हणायची मुभा धरून, त्यातल्या दोनेक जोड्या नुसत्या योगायोगाने "सिग्निफिकंट" दिसतात. त्या दोन उचलून रिपोर्ट लिहिणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

प्रश्न: सहसंबंध शून्य आला म्हणजे दोन गोष्टींचा काहीच संबंध नाही असं समजायचं का?

सरळ रेषेतला संबंध नाही, एवढंच समजायचं. ताणाच्या १ ते ५ अशा पाच पातळ्या घे आणि कामगिरीचे गुण २, ८, १०, ८, २. ताण अगदी कमी असताना माणूस ढिला, मध्यम असताना उत्तम, फार झाला की कोलमडला. मघासारखं गणित केलंस तर गुणाकारांची बेरीज बरोबर शून्य येते, सहसंबंध शून्य, आणि संबंध तर इतका ठळक आहे की लहान मूलही दाखवेल! हे आकडे मी रचलेत, पण अशा उलट्या यू आकाराची चर्चा मानसशास्त्रात जुनी आहे, यर्क्स आणि डॉडसन यांचा १९०८ चा उंदरांवरचा प्रयोग त्याच्या मुळाशी सांगितला जातो. फ्रान्सिस अँस्कोम्बनं १९७३ मध्ये तर चार आकडेवाऱ्या मुद्दाम तयार केल्या, प्रत्येकीत ११ ठिपके, चारींचा सहसंबंध ०.८२ च्या आसपास, सरासऱ्याही सारख्या, आणि आलेख काढले तर एक साधा तिरका ठिपक्यांचा पुंजका, एक वक्र, एकात सरळ रेष आणि एक उडालेला ठिपका, आणि एकात सगळे ठिपके एका उभ्या रेषेत आणि एकच लांब कोपऱ्यात, ज्याच्या एकट्याच्या जिवावर ०.८२ उभा होता. आलेख काढा, खरंच काढा.

प्रश्न: जे देश जास्त चॉकलेट खातात त्यांना नोबेल जास्त मिळतात असा खराखुरा अभ्यास आहे म्हणे. मग चॉकलेटने बुद्धी वाढते का?

अभ्यास आहे, २०१२ मध्ये फ्रान्झ मेसेर्ली यांनी एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात छापला होता, २३ देश आणि सहसंबंध ०.७९. पण त्यात चॉकलेट खाल्लेला एकही माणूस मोजलेला नाही! प्रत्येक ठिपका म्हणजे एक अख्खा देश. श्रीमंत देशांत चॉकलेटही जास्त खपतं आणि संशोधनावर पैसाही जास्त खर्च होतो, ही तिसरी गोष्ट तर समोरच उभी आहे.

पण इथे एक त्याहून खोल अडचण आहे आणि ती विल्यम रॉबिन्सननं १९५० मध्ये फार सुंदर दाखवलीये. त्यानं अमेरिकेची १९३० ची जनगणना घेतली. राज्यांची तुलना केली तर ज्या राज्यांत परदेशात जन्मलेले लोक जास्त तिथे निरक्षरता कमी, सहसंबंध उणे ०.५३. वाटेल की बाहेरून आलेले लोक जास्त साक्षर होते. पण माणूस माणूस धरून बघितलं तर परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरता किंचित जास्तच होती, अधिक ०.१२. म्हणजे चिन्हच उलटं! कारण काय, तर बाहेरून आलेले लोक अशा राज्यांत स्थायिक झाले जिथले स्थानिक लोक आधीच जास्त साक्षर होते. देशांची, राज्यांची, शाळांची तुलना करून काढलेला सहसंबंध त्यातल्या एकेका माणसाला लावता येत नाही. "अमुक देशातली मुलं जास्त आनंदी आणि तिथे अमुक होतं" अशा धर्तीचं काहीही वाचलं की आधी हे तपासा, ठिपका कुणाचा आहे, माणसाचा की देशाचा.

प्रश्न: तुम्ही आकड्यांचं सांगता, पण मी ७१ वर्षांचा आहे आणि माझे गुडघे आभाळ भरून आलं की दुखतात, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. अनुभवाला काही किंमत नाही का?

आजोबा, दुखणं शंभर टक्के खरं आहे, त्यावर प्रश्नच नाही. प्रश्न फक्त आभाळाशी त्याची जोडी जमते का एवढाच, आणि तिथे आपलं सगळ्यांचंच मन कच्चं आहे, डॉक्टरांचं आणि मानसशास्त्रज्ञांचंही. डोनाल्ड रेडेलमायर आणि एमोस ट्वर्स्की यांनी १९९६ मध्ये संधिवाताच्या १८ रुग्णांच्या दुखण्याची १५ महिन्यांची नोंद हवामानाशी जोडून बघितली. बहुतेक रुग्णांना संबंधाची पक्की खात्री होती, प्रत्यक्ष सहसंबंध शून्याच्या जवळ आले.

आणि हे फक्त रुग्णांचं नाही. लोरेन आणि जीन चॅपमन या जोडप्यानं १९६७ मध्ये विद्यार्थ्यांना रुग्णांनी काढलेली म्हणून माणसांची चित्रं आणि त्यांच्यासोबत ती काढणाऱ्यांची लक्षणं दाखवली, जोड्या मुद्दाम अशा लावलेल्या की कुठल्याच चित्राचा कुठल्याच लक्षणाशी संबंध नव्हता. तरी विद्यार्थ्यांना "दिसलं" की संशयी माणसं चित्रात डोळे वेगळे, ठसठशीत काढतात. आणि अनुभवी तज्ज्ञही आपल्या रुग्णांबद्दल नेमकं तेच सांगत होते. जे असायला हवं असं वाटतं ते दिसतं.

असं का होतं, तर ढगाळ दिवशी गुडघा दुखला की तो दिवस लक्षात राहतो, ढगाळ असून दुखला नाही तर त्याची कोण आठवण ठेवतो, आणि स्वच्छ ऊन असताना दुखला तर आपण म्हणतो काल जास्त चाललो असेन. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली की तेवढीच लक्षात राहते, कावळा कितीदा नुसता बसून उडाला ते कुणी मोजत नाही. म्हणून तुम्हाला एक काम देते. वहीत चार रकाने आखा: ढगाळ आणि दुखलं, ढगाळ आणि नाही दुखलं, स्वच्छ आणि दुखलं, स्वच्छ आणि नाही दुखलं. रोज एकाच वेळी एकाच रकान्यात एक रेघ मारायची, आणि गुडघ्याचं आधी ठरवायचं, मग खिडकीबाहेर बघायचं, हा क्रम चुकवायचा नाही. निदान तीन महिने, आणि त्यात दोन्ही तऱ्हेचे दिवस भरपूर यायला हवेत. मग ढगाळ दिवसांपैकी किती दिवस दुखलं आणि स्वच्छ दिवसांपैकी किती, हे दोन भाग शेजारी लिहा. ते जवळपास सारखे आले तर आभाळाला सोडून द्या आणि चालणं, वजन, पायऱ्या यांच्याकडे बघा. आणि ढगाळ दिवसांचा भाग खरंच बराच मोठा आला, तर ती वही पुढच्या वेळी डॉक्टरांकडे घेऊन जा आणि मलाही आकडे कळवा, चारही रकान्यांचे.